सुप्याचा कन्व्हर्टर आणि एक उलटा पंखा

तिसगावच्या बाजारात अजूनही मला कुणी ना कुणी गाठतं आणि विचारतं, "पालवे, तुमी जहाजाचं काम करीत हुता म्हनं. सुप्यात कुठला आलाय समुद्र?" विचारणारा हसत असतो आणि आजूबाजूचे चार जण कान टवकारून उभे असतात. पूर्वी मी चिडायचो. आता पिशवी खाली ठेवतो आणि पहिल्यापासून सांगायला लागतो. मग पाच मिनिटांत विचारणाऱ्यालाच घरी जायची घाई होते.

संपादकांनी या अंकात मला भरपूर जागा दिली आहे, तेव्हा पान उलटण्याखेरीज तुमची सुटका नाही.

जहाज धक्क्याला लागलं की त्याला पुढं ढकलणारं मोठं इंजिन बंद होतं, पण जहाज बंद होत नाही. त्यावर माणसं राहतात, स्वयंपाक होतो, पंप चालतात, दिवे लागतात. मासे, फळं, औषधं भरलेले थंड कंटेनर असतात, ते गार ठेवावे लागतात. ही सगळी वीज जहाजाच्या पोटातले जनरेटर बनवतात, तेल जाळून. जहाज दोन दिवस उभं राहिलं तर दोन दिवस धुराडं चालू. गजबजलेल्या बंदरात अशी सात-आठ जहाजं एका वेळी उभी असतात आणि बंदराला खेटून वस्ती असते.

आमचं पहिलं काम ज्या बंदरावर होतं तिथं मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गेस्ट हाउसच्या गच्चीवर बनियन वाळत घातलं होतं. संध्याकाळी काढायला गेलो तर त्यावर बारीक काळी भुकटी. झटकायला गेलो तर आणखी पसरली. तिथला खानसामा शांतपणे म्हणाला, "साहेब, इथं पांढरं कुणी वाळत घालत नाही." त्याच्या दोन्ही मुलींना दम्याची औषधं चालू होती, हे त्यानं भात वाढता वाढता सांगितलं. आपण नेमकं कशासाठी आलो आहोत, हे मला कंपनीच्या कुठल्याही कागदापेक्षा त्या जेवणात जास्त कळलं.

उपाय ऐकायला सोपा आहे. किनाऱ्यावरून जाड केबल जहाजाला द्यायची, जहाजानं आपले जनरेटर बंद करायचे. अडचण अशी की आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं घेते, म्हणजे तितक्या वेळा उलटसुलट वाहते, आणि बऱ्याच जहाजांना साठ आवर्तनांची लागते. आपली तशीच दिली तर त्यांच्या मोटरी सुस्तावतात, तापतात. म्हणून मधे एक कन्व्हर्टर लागतो. पन्नासची साठ करून देणारं हे यंत्र खोलीएवढं असतं, आणि त्या खोल्या आम्ही सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत बनवायचो, समुद्रापासून इतक्या लांब की आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तो फक्त मोबाईलवर पाहिला होता.

माझं खातं चाचणीचं. कन्व्हर्टरचं पॅनल, म्हणजे तारा-स्विचचं लोखंडी कपाट, तयार झालं की ते माझ्याकडे यायचं. मी त्याला जाळून, तापवून, बंद पाडून बघायचो आणि तरीही ते उभं राहिलं तर प्रमाणपत्रावर सही करायचो. "पालवेंची सही म्हणजे पास" असं कारखान्यात म्हणायचे, आणि ते ऐकून मी काही कानावर हात ठेवायचो नाही.

पॅनलमधल्या तारा जोडायचे ते रशीद शेख, आमचे रशीदभाई. मूळचे नगर शहरातले. तरुणपणी मोटर वायंडिंगच्या दुकानात होते आणि पाथर्डी-शेवगावकडच्या विहिरींवर मोटरी बसवत फिरले होते. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, पण मला शेवटपर्यंत "साहेब" म्हणाले. त्यांनी जोडलेलं पॅनल उघडलं की तारा इतक्या ओळीत असायच्या की चाचणी करायला आलेला परदेशी पाहुणा आधी फोटो काढायचा.

बंदरावर पहिल्या खेपेला आम्ही दोघांनी एक पराक्रम केला. केबल किती लांब लागते हे पाहायला एका कामाच्या बोटीला सकाळी केबल जोडली, टेपनं मोजून, छान चिमटे मारून, कुठे ढिली म्हणून सोडली नाही. दुपारी जेवून येतो तर बोट पुरुषभर वर आलेली आणि केबल तारेसारखी ताणलेली. दोन चिमटे उखडून पाण्यात गेले होते. धक्क्यावरचे खलाशी पोट धरून हसत होते. भरती नावाची गोष्ट आमच्या हिशेबातच नव्हती. रशीदभाई म्हणाले, "साहेब, आपल्याकडं पानी खाली जातं एवढंच ठाऊक. दिवसातनं दोनदा वर येतं, हे कुनी सांगितलंच न्हाई." सुप्याला परतल्यावर आम्ही केबलला आपोआप सोडणारं आणि गुंडाळणारं रीळ जोडलं. आता ते कन्व्हर्टरच्या सगळ्या संचांवर असतं. ते का आलं, हे मात्र कारखान्यात कुणी सांगत नाही.

खरी गोष्ट आहे पहिल्या जहाजाची.

संच बंदरावर बसला होता. बंदराच्या विद्युत विभागाच्या देसाई मॅडम हे काम व्हावं म्हणून जिवाचं रान करत होत्या. वरच्या लोकांचा विश्वास नव्हता, जहाजवाल्यांचा त्याहून नव्हता. मॅडम मला स्पष्ट म्हणाल्या, "पालवे, पहिलं जहाज जर अंधारात गेलं ना, तर दुसरं आपली केबल हातात घेणार नाही. याला कुलूप लागेल आणि पुढचे धक्के धुरातच राहतील." सुप्याला दुसरा संच अर्धा जोडून उभा होता. तोही तसाच राहिला असता.

कन्व्हर्टरच्या खोलीत भयंकर उष्णता होते. ती बाहेर काढायला एक मोठा ब्लोअर असतो, शंखासारख्या आकाराच्या लोखंडी कवचात बसवलेला पंखा. तो एकाच दिशेनं फिरायला हवा. बंदरावर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा तो उलटा फिरला. यात नवल काही नाही, वीज देणाऱ्यानं तीन तारांचा क्रम वेगळा दिला की मोटर उलटी फिरते. कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की सुलटी होते.

आता आमच्या भागातल्या लोकांची एक सवय सांगतो. गावाच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वायरमन काम करून गेला की हमखास फेज बदलायचे आणि विहिरीवरच्या मोटरी उलट्या फिरायच्या. मग वायरमनला शोधत कोण बसणार? जो तो आपल्या स्टार्टरची पेटी उघडायचा, दोन तारा बदलायचा, झाकण लावायचा आणि पाणी धरायला जायचा. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. मी शाळेत असताना हे करायला शिकलो. ते बरोबर की चूक असं कधी मनातच आलं नाही. चप्पल उलटी पडली तर आपण सुलटी करतो, तसंच ते.

तर त्या दिवशी ब्लोअर उलटा फिरलेला आम्ही दोघांनी पाहिला आणि बंद केला. तेवढ्यात बंदराच्या लोकांनी त्यांच्या कामासाठी वीज तोडली. शुक्रवार होता. रशीदभाई नमाजाला जायच्या आधी मोटरची पेटी उघडून दोन तारा बदलून गेले. मी विजेच्या स्विचला घातलेली कुलपं-बिलपं तपासून पॅनलमध्ये, स्टार्टरपाशी, दोन तारा बदलल्या. ते परत आल्यावर मी म्हणालो, "रशीदभाई, ब्लोअरचं झालं बरं का." ते म्हणाले, "हां साहेब, झालं." त्यांना वाटलं मी त्यांचं काम पाहून बोलतोय. मला वाटलं ते माझ्या कामाला मान डोलावताहेत.

एकदा बदललं की सुलटं, दोनदा बदललं की पुन्हा उलटं. हे शेंबडं पोरही सांगेल. वीज आल्यावर ब्लोअर सुरू केला, हवा आली, आम्ही दोघंही निर्धास्त. कवचावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, त्याच्याशी ताडून पाहिलंच नाही, कारण आपण सुलटा केलाय हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. बंदरावरची चाचणी हलक्या भारावर होती, तीत सगळं थंड राहिलं. मी सही केली.

जहाज आलं. त्यावरचे चीफ इंजिनिअर तांडेल हे रत्नागिरीकडचे, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. जहाजाचे जनरेटर बंद करायचे की नाही, हा निर्णय त्यांचा. ते खाली उतरले, कन्व्हर्टरच्या खोलीला एक फेरी मारली, कशालाही हात लावला नाही आणि मला म्हणाले, "मी बंदरात जनरेटर कधी बंद केलेला नाही. माझ्याकडे थंड कंटेनर आहेत, चालू पंप आहेत. एक कबूल करा. काही वाकडं दिसलं तर आधी मला सांगायचं. तुमच्या साहेबांना नंतर." मी कबूल केलं. त्या क्षणी मला काही वाकडं दिसेल असं वाटतच नव्हतं, म्हणून कबूल करायला काही जड गेलं नाही.

सकाळी केबल वर गेली. किनाऱ्याची वीज आणि जहाजाची वीज एका तालात आणायची असते, ती आली. थोडा वेळ दोन्ही बरोबर चालल्या, मग जहाजाचा भार हळूहळू आमच्याकडे आला. तांडेल यांनी पहिला जनरेटर बंद केला. दुसरा केला. शेवटचा बंद करण्याआधी ते बराच वेळ थांबले, मग तोही बंद झाला.

इतके दिवस तिथं कानात सतत एक घरघर असायची आणि ती आहे हे आम्ही विसरलो होतो. ती थांबली. दोरखंड कुरकुरला ते ऐकू आलं. लांबवर कुणीतरी कुणाला हाक मारत होतं तेही ऐकू आलं. धुराड्याच्या तोंडावर नुसतं आकाश होतं. देसाई मॅडमनी डोळे पुसले आणि वाऱ्यानं डोळ्यांत काही गेलं असं भासवलं. मला आनंद झाला होता आणि गर्वही झाला होता, उगाच का लपवू.

अर्ध्या तासानं खोलीतलं तापमान चढायला लागलं.

आधी मला वाटलं, भार आलाय, थोडं चढणारच. पण ते थांबेना. एका मर्यादेवर घंटा वाजते, त्याच्या वरच्या मर्यादेवर कन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद पडतो. तो बंद पडला की अख्खं जहाज अंधारात. मी पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा बघत होतो. सुप्याला पूर्ण भारावर हाच संच मी दिवसभर चालवला होता आणि तो कुरकुरलाही नव्हता.

रशीदभाईंनी आकडे बघितलेच नाहीत. ते बाहेर गेले, हवा बाहेर पडते त्या जाळीपाशी तळहात धरून उभे राहिले आणि मला हाक मारली. "साहेब, हितं हात धरा. हवा हाय, पन जोर न्हाई. उलट्या मोटरवानी."

विहिरीवरचा पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतोच, पण करंगळीएवढं. हा पंखाही त्याच जातीचा, उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून फेकतो, पण अर्धीमुर्धी. मी हात धरला आणि मला कळलं.

"पण मी तर स्टार्टरला तारा बदलल्या होत्या," मी म्हणालो.

रशीदभाईंनी जाळीवरून हात काढला. "आन मी मोटरला."

त्यांनी दोन बोटं वर केली. मग ते हळूच म्हणाले, "मंग दोनदा फिरली, साहेब."

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पण त्यासाठी ब्लोअर बंद करावा लागणार, आणि त्या दहा मिनिटांत तापमान मर्यादा ओलांडण्याची पुरेपूर शक्यता. खरं सांगतो, माझ्या मनात आलं की कुणाला न सांगता काम उरकून घ्यावं. जमलं तर कुणाला कळणारही नाही. आमच्याकडची विहिरीवरची पद्धत तीच. वॉकीटॉकी माझ्या हातात होता आणि बटण दाबायला अंगठा तयार नव्हता.

पण मी शब्द दिला होता, आणि जहाजावरच्या माणसानं त्या शब्दावर शेवटचा जनरेटर बंद केला होता. मी बटण दाबलं. "तांडेल साहेब, आमची चूक आहे. ब्लोअर उलटा फिरतोय. सुलटा करायला दहा मिनिटं लागतील. तेवढ्यात कन्व्हर्टर तापून बंद पडू शकतो."

मला वाटलं, आता जनरेटर सुरू होणार, धुराडं काळं ओकणार, आणि धक्क्यावर उभे असलेले सगळे ते बघणार.

"भार कमी केला तर चालेल?" तांडेल यांनी विचारलं.

"जेवढा कराल तेवढा."

"थंड कंटेनर अर्धा तास न चालता गार राहतात. ते सोडतो. मोठे पंप थांबवतो. दिवे आणि माझी कंट्रोल रूम तेवढी चालू ठेवतो. जनरेटर तयार ठेवतो, पण सुरू करत नाही. मी हो म्हणेपर्यंत हात लावू नका."

हा मार्ग मला सुचलाच नव्हता. सुचला असता तरी तो माझ्या हातात नव्हता, जहाजाच्या भाराची बटणं त्यांच्याकडे होती. मी गप्प राहिलो असतो तर ती कुणी दाबलीच नसती.

त्यांनी हो म्हटलं. ब्लोअर बंद केला, विजेच्या स्विचला कुलूप घातलं. रशीदभाई मोटरकडे निघाले आणि मीही पॅनलकडे वळलो. दोघंही आपापल्या तारा बदलायला. रशीदभाई थबकले आणि म्हणाले, "साहेब, एकानंच. न्हाईतर पुन्हा तेच." त्या गडबडीतही मला हसू आलं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो आणि त्यांनी मोटरच्या तारा बदलल्या. ब्लोअर सुरू होताना या वेळी चारही डोळे बाणावर होते. जाळीतून असा झोत आला की बाहेर ठेवलेली माझी टोपी उडाली. तापमान उतरलं. वरून पंप सुरू झाले, कंटेनर सुरू झाले.

जहाज निघेपर्यंत एकही जनरेटर पेटला नाही. तांडेल यांनी निघताना नोंदवहीत लिहिलं, "वीजपुरवठ्यात खंड: नाही." वहीवर सही करून मला म्हणाले, "किनाऱ्यावरची माणसं कायम सांगतात, सगळं ठीक आहे. ते ऐकून मी जनरेटर बंद करत नसतो. पुढच्या खेपेला केबल तयार ठेवा." त्यांच्या कंपनीचं दुसरं जहाज महिन्याच्या आत आलं आणि त्यानं स्वतःहून केबल मागितली. आता त्या बंदरावर बऱ्याच धक्क्यांना किनाऱ्याची वीज मिळते, आणि त्यातले बहुतेक संच सुप्याचे आहेत.

मला अहवाल लिहायचा होता. आमच्या मॅनेजरचा फोन आला, "खंड पडला नाही ना? मग ते ब्लोअरचं कशाला घालता? ग्राहकाला उगाच शंका." मी म्हणालो, "दुसरा संच बसवायला दुसरी माणसं जातील, तीही आमच्याच भागातली असतील, आणि दोन तारा बदलून गप्प बसतील." मी सगळं लिहिलं. कुणी कुठे तारा बदलल्या, एकमेकांना का सांगितलं नाही, बाण का पाहिला नाही. माझं नाव आधी, मग रशीदभाईंचं पूर्ण नाव. खाली एक नियम लिहिला की तार बदलणाऱ्यानं तिथंच चिठ्ठी बांधायची, नाव घालून. तो नियम आजही चालू आहे.

अहवाल पाठवायच्या आधी मी तो रशीदभाईंना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोटानं वाचली. आपल्या नावापाशी बोट थांबलं, बराच वेळ तिथंच राहिलं. मला वाटलं, वाईट वाटलं असणार. म्हणालो, "चूक दोघांची, म्हणून दोघांची नावं. तुमची हरकत असेल तर काढतो."

"हरकत कशाची? चूक तर झालीच की," ते म्हणाले. "पन साहेब, इतक्या वरसांत किती पॅनल जोडले, ध्यानातबी न्हाईत. कागदावर नाव आलं, ते ह्येच पहिलं."

मी जितक्या प्रमाणपत्रांवर सही केली, त्या प्रत्येक पॅनलची प्रत्येक तार या माणसाच्या हातानं आवळलेली होती. प्रमाणपत्रावर जोडणाऱ्याच्या नावाला जागाच नव्हती, आणि ती नाही हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. याची मला लाज वाटली. अजून वाटते. दुसऱ्या संचापासून ती जागा मी भांडून करून घेतली.

रशीदभाईंनी चष्मा काढला, कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "याची एक झेरॉक्स मिळंल का? घरी दाखवायला."

मी झेरॉक्स काढून आणली, ती फाइलला लावली, आणि मूळ अहवाल त्यांना दिला.